खाटेवरचा धनी

रात्री शौचाला उठणाऱ्या रुग्णाला थंडी बाधू नये म्हणून त्याला मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, बूट आणि लोकरीची टोपी द्यावी. यात्रेला आलेली बाई इस्पितळात बाळंत झाली, तर लेकरासाठी वेगळा छोटा पाळणा करावा. आई झोपेत कुशीवर वळली तरी बाळाला इजा व्हायला नको. खाटा ऐसपैस असाव्यात आणि प्रत्येक खाटेला स्वतःची चादर, स्वतःचं पांघरूण असावं.

वाचताना एखाद्या तळमळीच्या सिव्हिल सर्जनने काढलेलं परिपत्रक वाटेल. प्रत्यक्षात हे नियम ११८२ साली जेरुसलेममध्ये लिहिले गेले आणि ते करणारे होते संत योहानाच्या इस्पितळाचे व्रतस्थ बंधू. रॉजर द मूलँ तेव्हा त्यांचे प्रमुख होते. लघवी पाहून रोग ओळखणारे, तापातापांतला फरक जाणणारे चार वैद्य नेमावेत, हेही त्याच नियमांत आहे. आठवड्यातून तीन दिवस डुकराचं किंवा मेंढीचं ताजं मांस मिळावं, ज्यांना ते खाता येत नाही त्यांना कोंबडी मिळावी, हेही आहे. पुढे पाचच वर्षांत सलादीनने जेरुसलेम घेतलं आणि बंधूंना ते शहर सोडावं लागलं. पण त्याआधी कोणीतरी बसून शौचाला जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या पायांचा विचार केला होता.

या बंधूंचा संघ आजही आहे. बोलण्यात त्याला ‘ऑर्डर ऑफ माल्टा’ म्हणतात. पूर्ण नाव उच्चारताना दम लागतो: जेरुसलेम, ऱ्होड्स आणि माल्टा येथील संत योहानाचा सार्वभौम लष्करी इस्पितळ संघ. सुमारे साडेतेरा हजार सदस्य, शंभरहून जास्त देशांशी राजनैतिक संबंध, स्वतःचे पासपोर्ट, स्वतःची टपाल तिकिटं, संयुक्त राष्ट्रांत १९९४ पासून निरीक्षकाचा दर्जा, आणि भूमी म्हणाल तर रोममधल्या दोन वास्तू. कॅथलिक जगातल्या सरदारी संघांपैकी सगळ्यात जुना आणि सगळ्यात चमत्कारिक असा हा प्रकार. तो नेमका आहे काय, राज्य, व्रतस्थांचा मठ की मदतकार्य करणारी संस्था, यावर गेल्या दशकात रोममध्ये मोठं भांडण झालं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की नावातल्या ‘सार्वभौम’, ‘लष्करी’ आणि ‘इस्पितळ’ या तीन शब्दांपैकी घरचा मालक तिसरा. पहिले दोघे त्याचे गडी. गड्यांनी मालकाच्या खुर्चीवर बसायचा प्रयत्न केला, तेव्हा तेव्हा हा संघ बिघडला.

इस्पितळ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसलाय की तो कुठून आला हे आपण विसरतो. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचं नातं पाहुण्याशी आहे, आजाराशी नाही. जेरुसलेमचं इस्पितळही मुळात पाहुण्यांचं घर होतं. इटलीतल्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी अकराव्या शतकात यात्रेकरूंसाठी ते काढलं. जेरार्ड नावाचे बंधू ते सांभाळत, आणि १५ फेब्रुवारी १११३ रोजी पोप दुसरे पास्कल यांनी एका फर्मानाने त्याला स्वतंत्र संघ म्हणून मान्यता दिली. म्हणजे आधी इस्पितळ आलं, तलवार नंतर. हा क्रम ध्यानात ठेवायला हवा, कारण माल्टाच्या सरदारांची चित्रं पाहिली की उलटंच वाटतं.

जेरार्डनंतरचे रेमंड द प्युई यांनी संघाची नियमावली लिहिली. रुग्ण दाराशी आला की त्याने पापनिवेदन करावं, पवित्र ख्रिस्तशरीर घ्यावं, मग त्याला उचलून खाटेवर न्यावं, आणि तो जणू या घरचा धनी आहे असं मानून, बंधू जेवायला बसण्याआधी त्याला रोज जेवू घालावं. यातूनच ‘आपले धनी रुग्ण’ हा संघाचा बोलण्यातला शब्द रुजला.

आपल्याकडे धनी हा शब्द कोण कोणाला म्हणतो ते आठवा. शेतावरचा गडी मालकाला म्हणतो. जुन्या घरातली बाई नवऱ्याला म्हणायची. म्हणणारा खाली, ऐकणारा वर, हे त्या शब्दात गृहीतच धरलेलं असतं. युरोपातला सरदार हा जन्मानेच धनी. हजार माणसं त्याला तसं म्हणणार, आणि त्याने घोड्यावरून खालीसुद्धा बघायचं नाही. अशा माणसाला या नियमावलीने एका अंगभर फोड आलेल्या, भाषा न कळणाऱ्या यात्रेकरूपुढे उभं केलं आणि सांगितलं, हा तुझा धनी, त्याचं पान आधी वाढ. ‘मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचारास आलात’ हे प्रभू येशूचं वाक्य चर्चमध्ये आपण सगळेच ऐकतो. ते ऐकून उठायचं आणि थेट हातात भांडं घ्यायचं, ही त्यांची साधना. माझ्या मते या संघाचं सगळं अध्यात्म त्या एका संबोधनात आहे. आठ टोकांचा पांढरा क्रूस, काळा झगा, ‘श्रद्धेचं रक्षण आणि गरिबांची सेवा’ हे ब्रीद, सगळं त्याच्यामागून आलं.

वसईच्या आमच्या बाजूला पवित्र गुरुवारी संध्याकाळी फादर कमरेला टॉवेल बांधून बारा जणांचे पाय धुतात. पाय धुऊन घेणारे घरून आधीच साबणाने घासून आलेले असतात, त्यामुळे विधी देखणा होतो आणि फादरना फार कष्ट पडत नाहीत. रेमंडच्या इस्पितळात पाय न धुतलेले लोक यायचे. फरक तेवढाच आहे, आणि तो बराच मोठा आहे.

आता दुसरी बाजू. ती न सांगता या संघाची थोरवी गाणं म्हणजे पाहुण्यांना फक्त दिवाणखाना दाखवण्यासारखं.

जेरुसलेम गेलं, १२९१ मध्ये जवळचं एकर हे बंदरही गेलं. सायप्रसमार्गे संघ ऱ्होड्सला पोचला आणि बेटाचा राजा होऊन बसला. तुर्की सुलतान सुलेमानने १५२२ मध्ये तिथून हुसकल्यावर सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये त्यांना माल्टा दिलं, वर्षाला एक बहिरी ससाणा एवढ्या खंडणीवर. १५६५ चा तुर्कांचा वेढा त्यांनी झॅं द ला व्हालेतच्या नेतृत्वाखाली परतवला आणि सगळ्या युरोपात डंका वाजला. त्यानंतर व्हालेता हे नवं शहर वसलं. १५७४ मध्ये तिथे मोठं इस्पितळ उभं राहायला लागलं, ज्याचा मुख्य कक्ष पुढे वाढत १५५ मीटर लांब झाला. रुग्णांना चांदीच्या ताटवाट्यांत जेवण आणि सरदारांनी पाळीपाळीने येऊन वाढायचं, ही त्या काळातली प्रसिद्ध गोष्ट. धन्याला चांदीचं ताट! नियमावलीतला शब्द इथे अक्षरशः खरा झालेला दिसतो.

पण याच शहरात गुलामांचा तुरुंग होता. संघाच्या गलबतांना वल्ही मारायला माणसं लागत, ती भूमध्य समुद्रावर पकडलेल्या मुसलमान कैद्यांतून मिळत. संघाच्या परवान्याने लूट चाले, माणसांचा बाजार भरे. १७४९ मध्ये गुलामांनी ग्रँड मास्टर, म्हणजे संघप्रमुख, पिंटो यांना मारण्याचा कट केला. तो फुटला आणि पुढाऱ्यांना हालहाल करून ठार केलं गेलं. एका हाताने चांदीचं ताट, दुसऱ्या हाताने साखळदंड. ‘तेव्हा सगळेच तसे वागत’ असं म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण सगळे जण रुग्णाला धनी म्हणत नव्हते. ज्याने स्वतःच उंच माप लावून घेतलं, त्याला त्याच मापाने मोजायचं.

आणि शेवटी चांदीसुद्धा काळवंडली. तुरुंगांच्या आणि इस्पितळांच्या सुधारणेसाठी युरोपभर पायपीट करणारे इंग्रज गृहस्थ जॉन हॉवर्ड १७८६ मध्ये माल्टाच्या त्या इस्पितळात गेले. कक्ष घाणेरडे, परिचारक मळके आणि निर्दय, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांना जास्त खटकलं ते वेगळंच. ग्रँड मास्टरच्या घोड्यांची निगा इस्पितळातल्या रुग्णांपेक्षा चांगली राखली जात होती. माझ्या दृष्टीने माल्टातला संघ तिथेच संपला. बारा वर्षांनी, जून १७९८ मध्ये, नेपोलियन आला आणि काही दिवसांच्या आत ग्रँड मास्टर होम्पेश यांनी बेट त्याच्या हवाली केलं, ही पुढची औपचारिकता. चांदीचा मोठा भाग फ्रेंचांनी वितळवला. गुलामांना मोकळं केलं तेही नेपोलियननेच, संघाने नव्हे. त्याच वर्षी काही सरदारांनी रशियाच्या झार पॉलला ग्रँड मास्टर निवडलं. कॅथलिक व्रतस्थांच्या संघाचा प्रमुख ऑर्थोडॉक्स आणि दोनदा लग्न झालेला! आपण कोण हे विसरलं की माणूस कोणाच्याही डोक्यावर मुकुट ठेवतो.

याच घराण्यातल्या दुसऱ्या एका संघाची गोष्ट आपल्या किनाऱ्याशी थेट जोडलेली आहे. टेम्पलर सरदारांचा संघ बरखास्त झाल्यावर पोर्तुगालच्या दिनिस राजाने त्यांच्या मालमत्तेवर १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ उभा केला. वास्को द गामाच्या शिडांवर होता तो तांबडा क्रूस या संघाचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हिंदुस्थानापर्यंतच्या प्रदेशांवरचा धार्मिक अधिकार पोपनी १४५६ मध्ये याच संघाकडे दिला. गोव्यातल्या पाद्रुआदोची, म्हणजे चर्चवरच्या पोर्तुगीज राजाच्या अधिकाराची, पाळंमुळं तिथे आहेत. या संघाच्या गाभ्यात इस्पितळ नव्हतं. आधी राजाची गरज, मग राजाचा दर्यावर्दी व्यापार, मग राजाचा धर्मप्रसार. १५५१ मध्ये संघाचं प्रमुखपदच कायमचं राजमुकुटाला जोडलं गेलं. आज ऑर्डर ऑफ क्राइस्ट म्हणजे पोर्तुगालच्या राष्ट्राध्यक्षांनी छातीवर लावायचं एक पदक आहे. व्रत नाही, प्रार्थना नाही, रुग्ण तर नाहीच.

जुन्या गोव्यात राजाचं एक मोठं इस्पितळ होतं, अल्फोन्सो द आल्बुकर्कच्या काळात सुरू झालेलं. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ च्या सुमारास तिथे आजारी म्हणून राहिला आणि त्याने त्याची तोंड भरून स्तुती केली. मात्र ते होतं पोर्तुगीज सैनिकांसाठी. इथल्या माणसाची सोय वेगळीकडे. जेरुसलेमच्या इस्पितळाचं बाराव्या शतकाच्या अखेरचं एक वर्णन उपलब्ध आहे, त्यात मुसलमान आणि ज्यूंनाही आत घेत असल्याचा उल्लेख आहे. (कुष्ठरुग्णांना मात्र नाही. त्यांच्यासाठी संत लाजरच्या बंधूंचं घर शहराच्या भिंतीबाहेर होतं.) धर्म तोच, क्रूसाची खूणही तीच, पण एका इस्पितळाचा धनी रुग्ण होता आणि दुसऱ्याचा राजा.

म्हणून सार्वभौमत्वाच्या प्रश्नाकडे मी याच नजरेने बघतो. जमीन नसलेल्या संघाला राजदूत हवेत कशाला, असं विचारणाऱ्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही; प्रश्न रास्त आहे. रोमच्या आव्हेंतीन टेकडीवर संघाच्या दाराला जे कुलपाचं छिद्र आहे, त्यातून सेंट पीटर्सचा घुमट बरोबर चौकटीत दिसतो. ते बघायला प्रवासी रांगा लावतात. संघाचं परराष्ट्र खातं हेही तसंच एक गमतीचं छिद्र होऊन बसण्याचा धोका कायम आहे. यावर उत्तर फार पूर्वी देऊन झालंय. १९५० च्या आसपास संघ आणि व्हॅटिकन यांच्यात जुंपली, तेव्हा कार्डिनलांच्या न्यायमंडळाने २४ जानेवारी १९५३ रोजी निकाल दिला की संघाचं सार्वभौमत्व त्याच्या कार्यापुरतं आहे आणि व्रतस्थ संघ म्हणून तो परमपीठाच्या, म्हणजे पोपच्या, अधीन आहे. कार्यापुरतं! या एका शब्दात सगळं आलं. संघाच्या राजदूताच्या मोटारीची पाटी सीमेवर औषधांचा ट्रक सोडवायला उपयोगी पडते तोवर ती पाटी पवित्र. मेजवानीत खुर्ची पुढे मिळावी म्हणून ती असेल, तर काढून टाकलेली बरी.

शिवाय संघाच्या नावावरची काही उत्तम कामं मोटारीच्या पाटीशिवायच झाली आहेत. १९८९ च्या ऑगस्टमध्ये पूर्व जर्मनीतून पळून आलेली माणसं बुडापेस्टमध्ये अडकली. झुगलिगेत भागातल्या चर्चचे फादर इम्रे कोझ्मा आणि माल्टाच्या हंगेरीतल्या सेवादलाच्या सहसंस्थापिका चिला फॉन बोझेलागर यांनी चर्चच्या आवारात तंबू टाकून हजारोंना आसरा दिला. सेवादल जेमतेम सहा महिन्यांचं. बर्लिनची भिंत पडायला तीन महिने बाकी होते. तिथे झगे आणि पदकं कोणाच्या अंगावर होती असं मला वाटत नाही.

मग आलं २०१६ चं भांडण. संघाच्या मदतसंस्थेने म्यानमारमध्ये चालवलेल्या कामात निरोध वाटले गेले, या कारणावरून ग्रँड मास्टर मॅथ्यू फेस्टिंग यांनी डिसेंबरमध्ये ग्रँड चॅन्सलर आल्ब्रेख्त फॉन बोझेलागर यांना काढलं. बोझेलागर यांनी आरोप नाकारले. पोप फ्रान्सिस यांनी चौकशी समिती नेमली. फेस्टिंग यांनी ‘हा सार्वभौम संघाचा अंतर्गत मामला’ म्हणत सहकार्य नाकारलं आणि जानेवारी २०१७ मध्ये पोपच्या सांगण्यावरून राजीनामा दिला. बोझेलागर परत आले.

कॅथलिक शिकवणुकीचा मुद्दा क्षुल्लक होता असं मी म्हणणार नाही. कॅथलिक संघाने आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण पाळावी ही अपेक्षा चूक नाही. पण त्या दोन महिन्यांत बातम्या कशाच्या आल्या? कोणाला काढायचा अधिकार कोणाचा, समिती वैध की अवैध, निष्ठेची शपथ कोणी कोणाला वाहिली. ज्या माणसांसाठी ते काम होतं, त्यांच्यापर्यंत आता काय पोचतं, हा प्रश्न मी तरी कुठे ठळकपणे विचारलेला पाहिला नाही. हॉवर्डला दिसलेला तबेला मला तिथे पुन्हा दिसला.

फ्रान्सिस यांनी ३ सप्टेंबर २०२२ रोजी संघाला नवी घटना दिली आणि जुनं सर्वोच्च मंडळ विसर्जित केलं. ग्रँड मास्टर होण्यासाठी उमराव घराण्याचे पुरावे लागत, ती अट गेली. तहहयात पद दहा वर्षांवर आलं. मे २०२३ मध्ये कॅनडाचे वकील जॉन डनलप एक्याऐंशीवे ग्रँड मास्टर झाले. पद्धत कठोर होती हे खरं. नऊशे वर्षांच्या संघाला बाहेरून घटना लिहून मिळावी हे त्यातल्या अनेकांना झोंबलं. मला विचाराल तर खानदानाची अट १११३ सालीच हास्यास्पद ठरायला हवी होती. ज्याला यात्रेकरूला धनी म्हणायचंय, त्याची सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांची वंशावळ कशाला तपासायची? त्याच्या हाताला भांड्याची सवय आहे का ते तपासा.

नव्या घटनेवरचा माझा आक्षेप वेगळा आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतलेले सरदार संघात पन्नासच्याही आत आहेत, आणि कारभारात त्यांचं वजन वाढवलं आहे. तत्त्वतः ठीक. व्रत नसेल तर उरते ती नुसती मदतसंस्था, आणि चर्च म्हणजे दयाळू एनजीओ नव्हे हे फ्रान्सिस यांनी पोप झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. परंपरावादी मंडळी हेच सांगतात आणि ते बरोबर सांगतात. पण रेमंडच्या नियमावलीत पापनिवेदन, ख्रिस्तशरीर, खाट आणि ताट हे एकाच परिच्छेदात येतात, ते का? व्रतस्थाने प्रार्थना करायची, पगारी माणसाने बेडपॅन उचलायचं आणि देणगीदाराने झगा घालायचा, अशी वाटणी त्यात नाही. संघाच्या कामात आज पन्नास हजारांच्या घरात नोकर आहेत आणि स्वयंसेवक त्याहूनही जास्त. इतक्या पसाऱ्यात ही वाटणी आपसूक होते, कोणी वाईट नसतानाही होते. म्हणून घटनेत एक कलम असायला हवं होतं असं मला वाटतं: पदाधिकारी कितीही मोठा असो, महिन्याचे ठरावीक दिवस त्याने वॉर्डात काढावेत. फोटोग्राफरशिवाय.

दरवर्षी मे महिन्यात संघाची फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थाला यात्रा निघते, तेव्हा याची चुणूक दिसते. तिथे रुग्णांना निळ्या छत्रीच्या हातगाड्यांतून नेतात. आपल्या माथेरानच्या हातरिक्षा आठवाव्यात, तशा. दांडी धरून गाडी ओढणारा एरवी बँकेचा संचालक किंवा कुठल्या देशातला राजदूत असतो. उतारावर गाडी सुटू नये म्हणून टाचा रोवत, घामाने डबडबून तो चालतो, आणि मागे बसलेली बाई त्याला जरा हळू घ्यायला सांगते. तो हळू घेतो. ही मोजक्या दिवसांची यात्रा असते. माझं मागणं एवढंच, की तिने उरलेल्या वर्षालाही जरा चिकटावं.

बेथलेहेममध्ये, प्रभूच्या जन्मस्थानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, होली फॅमिली इस्पितळ आहे. १९९० पासून ते संघ चालवतो. ते बाळंतिणींचं इस्पितळ. तिथे जन्मणारी बहुतेक मुलं मुसलमान पॅलेस्टिनी घरांतली, आणि दिवस पुरे होण्याआधी आलेल्या बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे. फिरता दवाखाना वाळवंटाकडेच्या खेड्यांत जातो, कारण तपासणीसाठी शहरापर्यंत येणं तिथल्या बायकांना जमत नाही. काचेच्या पेटीत एखादं किलोभर वजनाचं पोर नळ्या लावून झोपलेलं असतं. आई बाजूच्या कक्षात. पोराला स्वतःची वेगळी जागा, स्वतःची चादर.